दादोबांचे व्याकरण : शिक्षकाचे एक साधन

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात मराठी शाळा निघू लागल्या, तेव्हा शिक्षकापुढे मोठी अडचण उभी राहिली ती साधनांची. शास्त्रीमंडळाने रचलेल्या ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ या १८२९ मधील ग्रंथाने शब्दार्थाची सोय केली. भाषेची घडण वर्गात उलगडून दाखविण्याचे काम मात्र राहिले होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांच्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या ग्रंथाने १८३६ मध्ये ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. ग्रंथकर्त्याचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

साधन रूढ झाले की त्यालाच प्रमाणाचे स्थान मिळते, हा मात्र त्यातील धोका होय. संस्कृत विभक्तींची चौकट शालेय व्याकरणात स्थिरावली. परिणामी ‘मुलास बोलाविले’ आणि ‘मुलास पुस्तक दिले’ यांतील ‘मुलास’ हे रूप एकच असूनही विद्यार्थी एकास द्वितीया व दुसऱ्यास चतुर्थी म्हणू लागला. रूप पाहावे की अर्थ, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला गेला.

स्वतः दादोबांनी आपला ग्रंथ कधीच पूर्ण झालेला मानला नाही. १८६५ मध्ये त्यांनी लघुव्याकरण रचले आणि निधनाच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, मूळ व्याकरणाची ‘पूरणिका’ प्रसिद्ध केली. अध्यापन आणि संशोधन ही दोन कामे त्यांच्या ठायी वेगळी नव्हती.