जमीन कोणाची, वसूल कोणाचा? बार्ले गावातील सीमारेषेची कथा

नेदरलँड्समधील तिल्बुर्ग आणि बेल्जियममधील तुर्नहाउट ही दोन शहरे जोडणारा लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला. स्थानिक बोलीत त्याला ‘बेल्स लाइन्त्ये’, म्हणजे ‘बेल्जियमची छोटी लाइन’ म्हणतात. गाड्या केव्हाच बंद पडल्या. रुळांच्या जागी आता सायकलींची वाट आहे. अंतर तीसएक किलोमीटर, प्रदेश तळहातासारखा सपाट. परदेशातून आलेला प्रवासीही भाड्याची सायकल घेऊन एका दिवसात सहज जाऊन येतो. साधारण मध्यावर बार्ले नावाचे गाव लागते. प्रवासी तेथे थांबतात ते किल्ला किंवा राजवाडा पाहण्यासाठी नव्हे, तर जमिनीवरची एक रेघ पाहण्यासाठी.

ही रेघ फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांनी आखलेली आहे. तिच्या एका बाजूला नेदरलँड्सची खूण, दुसऱ्या बाजूला बेल्जियमची. ती रस्ता ओलांडते, उपाहारगृहाच्या टेबलांमधून जाते, दुकानात शिरते आणि घरांच्या भिंतींतून पलीकडे निघते. बेल्जियमच्या भूमीचे २२ तुकडे येथे नेदरलँड्सने चहूबाजूंनी वेढलेले आहेत. त्यांपैकी काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे ७ तुकडे आहेत. अशा वेढलेल्या भूभागाला एन्क्लेव्ह म्हणतात. बार्ले हे त्याचे जगातील सर्वांत गुंतागुंतीचे जिवंत उदाहरण मानावे लागेल.

गाव एक, पण नगरपालिका दोन आणि महापौरही दोन. घर कोणत्या देशाचे, हे त्याचे पुढचे दार कोठे उघडते यावर ठरते. एका घराच्या तर ऐन दारातूनच सीमा जाते. त्या घराला दोन देशांचे दोन क्रमांक आहेत. २०२० साली महामारीमुळे बेल्जियमने दुकाने बंद केली, तेव्हा सीमेवरच्या एका कापड दुकानाचा अर्धा भाग पट्ट्या लावून बंद झाला आणि उरलेल्या अर्ध्यात विक्री चालू राहिली.

हे सारे गमतीचे वाटते. मात्र ही रेघ कोणी गंमत म्हणून आखलेली नाही. तिचा उगम गावाच्या दोन नावांतच सापडतो. बेल्जियमकडील भाग बार्ले-हेर्टोग. ‘हेर्टोग’ म्हणजे ड्यूक. नेदरलँड्सकडील भाग बार्ले-नासाउ. नासाउ हे पुढे ब्रेडाची जहागीर ज्यांच्याकडे गेली त्या घराण्याचे नाव.

११९८ साली ब्राबांटचा ड्यूक पहिला हेन्री आणि ब्रेडाचा सरदार गॉडफ्री यांच्यात करार झाला. गॉडफ्रीने ड्यूकचे स्वामित्व मान्य केले आणि त्या बदल्यात त्याला बार्लेच्या परिसरातील जमीन जहागिरीदाखल मिळाली. परंतु ड्यूकने सगळी जमीन सोडली नाही. जेथे वस्ती होती, शेती होती आणि रयत आधीपासून त्याला वसूल देत होती, ते तुकडे त्याने स्वतःकडे ठेवले. पडीक आणि ओसाड जमीन प्रामुख्याने सरदाराच्या वाट्याला गेली. नकाशावर आज जी ठिगळे दिसतात, ती एकेकाळची पिकाऊ शेते होत. त्या काळी हा प्रश्न सीमेचा नव्हताच. कोणत्या शेताचा वसूल कोणाच्या कोठारात जातो, एवढाच होता. मराठेशाहीतील कागदपत्रे वाचणाऱ्याला हा प्रकार अनोळखी वाटणार नाही.

घोळ झाला तो पुढे. १६४८ च्या म्युन्स्टरच्या तहाने ब्रेडा डच प्रजासत्ताकात गेले आणि तुर्नहाउटच्या अमलाखालील बार्ले-हेर्टोग स्पॅनिश नेदरलँड्समध्ये राहिले. वसुलाच्या रेघा आता राज्यांच्या रेघा झाल्या. १८३० मध्ये बेल्जियम वेगळा झाला, आणि १८४३ च्या मास्ट्रिख्ट करारासाठी सीमा आखणारे अधिकारी बार्लेपाशी येऊन अडले. त्यांनी सीमेवर ओळीने खांब रोवले होते. २१४ आणि २१५ या खांबांच्या मध्ये मात्र त्यांनी सलग रेघ ओढलीच नाही. त्याऐवजी ५,७३२ भूखंडांची यादी करून एकेक भूखंड कोणत्या देशाचा, ते लिहून टाकले.

पहिल्या महायुद्धात या ठिगळांना एकाएकी मोल आले. जर्मनीने जवळजवळ सारा बेल्जियम व्यापला, पण बार्ले-हेर्टोगच्या या तुकड्यांत पोहोचायचे तर तटस्थ नेदरलँड्सची भूमी ओलांडावी लागली असती. त्यामुळे हे तुकडे व्याप्त झाले नाहीत. १९१५ मध्ये तेथे बेल्जियमचे एक बिनतारी केंद्रही उभे राहिले. आपली तटस्थता धोक्यात येऊ नये म्हणून डच सैनिकांनी या भागाला कुंपण घातले. त्याच वर्षी जर्मनांनी बेल्जियम-नेदरलँड्स सीमेवर सुमारे २,००० व्होल्टची विद्युत तार उभारली. लोक तिला ‘मृत्यूची तार’ म्हणत. ती ओलांडताना शेकडो माणसे मेली. आज या भागात सीमा ओलांडताना पायडल मारायचेही थांबावे लागत नाही.

युद्धानंतरचा वाद कागदावर झाला. १८४३ च्या करारापूर्वी दोन्ही गावांच्या अधिकाऱ्यांनी जी नोंद केली होती, तिच्यानुसार झोन्डरआयगेन येथील ९१ आणि ९२ क्रमांकांचे भूखंड बार्ले-नासाउचे. तीच नोंद सीमाकरारात उतरवली गेली तेव्हा ते बार्ले-हेर्टोगचे झाले. ही नकलेतील चूक आहे, आणि शंभराहून अधिक वर्षे तेथे कारभार आमचाच आहे, असे नेदरलँड्सचे म्हणणे होते. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २० जून १९५९ रोजी १० विरुद्ध ४ मतांनी बेल्जियमच्या बाजूने निकाल दिला. दोन शेतांसाठी दोन सुसंस्कृत देश जागतिक न्यायालयात गेले, याचे हसू येते खरे. पण करारात लिहिले ते खरे की प्रत्यक्ष वहिवाट खरी, हा प्रश्न मुळीच हास्यास्पद नव्हता.

याच न्यायालयासमोर त्याच काळात दुसरा एक दावा चालू होता, आणि त्याची मुळे पुणे दरबारात होती. पोर्तुगालने भारताविरुद्ध तक्रार केली होती. १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली होती. गायक-संगीतकार सुधीर फडके यांचा त्या लढ्यातील सहभाग महाराष्ट्राला ठाऊक आहे. हे दोन्ही प्रदेश भारतीय भूमीने वेढलेले होते. दमणहून तेथे जाण्याचा आम्हाला हक्क आहे, असे पोर्तुगालचे म्हणणे होते.

त्यासाठी पोर्तुगालने पुढे केला तो १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह आणि त्यानंतरच्या सनदा. १२ हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना देण्याचे त्यात ठरले होते. आता प्रश्न असा उभा राहिला की मराठ्यांनी दिले ते राज्य की केवळ वसूल? तहाच्या विविध प्रती आणि सनदांतील शब्द तपासून न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी सांगितले की हे सरंजामाच्या किंवा जहागिरीच्या स्वरूपाचे देणे होते, सार्वभौमत्वाचे हस्तांतर नव्हते. जेथे मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तेथे मराठे तशी स्पष्ट भाषा वापरत, हेही न्यायालयाने नोंदवले.

मात्र गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. पुढे इंग्रजांनी मराठ्यांची जागा घेतली आणि या गावांवरील पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात मान्य केली; न्यायालयाने तेही ग्राह्य धरले. नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या जाण्यायेण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, सशस्त्र दलांचा आणि शस्त्रांचा नाही; आणि १९५४ मध्ये भारताने कोणत्याही कर्तव्याचा भंग केला नाही, असा निर्वाळा मिळाला. हेन्री ड्यूकच्या रयतेचा आणि पेशव्यांच्या सरंजामाचा, असे दोन्ही निवाडे दहा महिन्यांच्या आत एकाच न्यायालयातून बाहेर पडले. शालेय पाठ्यपुस्तकांत याला दोन ओळीही मिळू नयेत, हे दुर्दैव.

सर्वांच्या वाट्याला बार्लेचे सुख आले नाही. भारत-बांगलादेश सीमेवरील १६२ छिटमहलांतील माणसे कित्येक दशके शाळा, वीज आणि मतदान यांपासून वंचित राहिली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी ते तुकडे अदलाबदल करून संपवले. बार्लेत उलट झाले. १९९५ मध्ये शेवटच्या राहिलेल्या भूखंडाचाही निर्णय लागला, तेव्हा एक कुरण बेल्जियमचा बाविसावा तुकडा ठरले. यादी कमी होण्याऐवजी एकाने वाढली.

आणि नगर हवेलीच्या पोटात असलेले माघवाल हे छोटे गाव आजही गुजरातमध्ये मोडते.