धरणीमातेचं कार्यालय

बोलिव्हियातल्या ला पास शहराच्या डोक्यावर चाकालतायाची हिमनदी होती. सवापाच हजार मीटरवरच्या त्या उतारावर १९३९ मध्ये मोटारीच्या इंजिनावर फिरणारा दोर लावून बर्फावर घसरण्याच्या खेळाची सोय केली होती. २००९ मध्ये बर्फच संपलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बोलिव्हियाची नवी राज्यघटना लागू झाली. आयमारा समाजाचं ‘सुमा कमान्या’, म्हणजे सगळ्यांना धरून नीट जगणं, तिने राज्याच्या तत्त्वांत घेतलं आणि निरोगी पर्यावरण हा नागरिकांचा हक्क ठरवला. डिसेंबरात कोपनहेगनची हवामान परिषद फसली. तेव्हा एव्हो मोरालेस या आयमारा राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल २०१० मध्ये कोचाबाम्बाजवळच्या तिकिपाया गावी जगभरच्या चळवळींना बोलावून वेगळी परिषद भरवली.

डिसेंबर २०१० मध्ये धरणीमातेच्या हक्कांचा कायदा झाला. अवघी दहा कलमं. जीव, जैवविविधता, पाणी, स्वच्छ हवा, समतोल, झीज भरून निघणं आणि प्रदूषणापासून मुक्ती असे सात हक्क त्यात आहेत. मूळनिवासी आणि शेतकरी संघटनांनी मिळून मसुद्याचा पाया घातला होता. पुढच्याच वर्षी सरकारने तिप्निसच्या अभयारण्यातून महामार्ग काढायचा घाट पुढे रेटला. तिथले रहिवासी पायी ला पासकडे निघाले आणि सप्टेंबर २०११ मध्ये पोलिसांनी त्यांना वाटेतच बडवलं. महिन्याभरात सरकारला माघार घ्यावी लागली खरी. पण २०१७ मध्ये दुसरा कायदा करून रस्त्याची आडकाठी काढण्यात आली.

धरणीमाता प्राधिकरण जन्मलं ते २०११ च्या धुमश्चक्रीनंतर, १५ ऑक्टोबर २०१२ च्या कायद्याने. हवामान धोरण आखायचं, योजना राबवायच्या, निधी सांभाळायचा, अशी कामं त्याच्याकडे आली. पण कायद्याच्या नावातच धरणीमातेच्या जोडीला ‘सर्वांगीण विकास’ बसला होता, आणि कार्यालय होतं पर्यावरण व जल मंत्रालयाच्या हाताखाली. मसुद्यात हात असलेल्या दोन मोठ्या मूळनिवासी संघटना तोवर दुरावल्या होत्या. तिप्निसनंतर त्यात नवल ते काय!

तरी या प्राधिकरणाच्या नावावर एक अस्सल काम आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. जंगलातला कार्बन मोजायचा, त्याला भाव लावायचा आणि दूरच्या कारखानदाराने तो विकत घेऊन आपला धूर चालू ठेवायचा, हा बाजार बोलिव्हियाने नाकारला. नुसता नाकारला असता तर ती घोषणाच ठरली असती. उत्तरेकडच्या पांदो भागात पावसाळ्यात माणसं जंगलात मुक्काम टाकतात. उंच झाडांवरून पडलेली दीड-दोन किलोची टणक फळं कोयत्याने फोडतात आणि आतल्या ब्राझील नटच्या बिया पोत्यांत भरतात. पोट भरणारं आणि कार्बन शोषणारं झाड एकच. मग उत्सर्जन घटवणं एका खात्यात आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं दुसऱ्या खात्यात कशाला? जंगलासाठी दोन्हींची एकत्र यंत्रणा बोलिव्हियाने मांडली. २०१५ च्या पॅरिस कराराच्या पाचव्या कलमात या पर्यायाचा उल्लेख आहे. प्रस्तावनेत धरणीमातेचं नावही आलं आहे. छोट्या देशाने एवढं पदरात पाडून घेणं सोपं नव्हतं. बाजार सोडल्यावर पैसा कोण देणार, हे कोडं मात्र सुटलं नाही.

देशाच्या आत प्राधिकरणाचा हात तोकडा पडला. जंगल तोडण्या-जाळण्याचा परवाना देणारी संस्था वेगळी, आणि तो सैल करणारी मंडळी त्याहून वेगळी. जंगल जाळून शेत काढायचं, म्हणजे आपल्याकडची कुमरी, पण तिथे सोयाबीन आणि गुरांच्या कुरणांसाठी ट्रॅक्टर लावून. २०१५ च्या कायद्याने लहान जमिनींवर २० हेक्टरपर्यंत तोड सोपी केली. जुलै २०१९ च्या हुकमाने बेनी आणि सांता क्रूझ भागांत नियंत्रित जाळणीला मुभा मिळाली. त्या वर्षी ५० लाखांहून जास्त हेक्टर जळालं, २०२४ मध्ये १ कोटीहून जास्त. यातलं एकही पाऊल उचलताना धरणीमाता प्राधिकरणाच्या शब्दाने कोणी अडल्याचं दिसत नाही.

ज्याला हे अडवता आलं असतं असं पद २०१० च्या कायद्यात होतं. दहाव्या कलमाने धरणीमातेसाठी स्वतंत्र लोकपाल कबूल केला होता. हवामान वाटाघाटींसाठी सरकारला कार्यालय हवं होतं, ते दोन वर्षांत उभं राहिलं. स्वतःलाच जाब विचारणारा लोकपाल नेमायला मात्र मोरालेस यांना कायद्यानंतरची जवळपास नऊ वर्षंही पुरली नाहीत.