हरवलेला खिसा

एका इंग्रजी बालगीतांत एका मुलीचा खिसा हरवतो आणि तो दुसरीला सांपडतो. आपल्याकडील मुलांना हें ऐकून हंसूं यावें. सदऱ्याचा खिसा फाटेल, कापला जाईल, पण हरवेल कसा? परंतु अठराव्या शतकांतील इंग्रज स्त्रीचा खिसा कपड्याला शिवलेलाच नसे. सुमारें दीड वीत लांबीची, खालीं रुंद होत गेलेली ती एक चपटी पिशवी असे. नाडीनें ती कमरेला बांधावयाची, वर झगा घालावयाचा आणि झग्याच्या कडेला ठेवलेल्या फटींतून हात आंत घालावयाचा. किल्ल्या, नाणीं, अंगुस्तान, कात्री, पत्रें, खाऊचा तुकडा, सारा संसार तींत मावे. पुष्कळ जणी तिच्यावर नाजुक भरतकाम करीत. वास्तविक ती कोणाच्या दृष्टीस पडावयाची नसे! खिसेकापूंना मात्र तिचा ठाव ठाऊक असे. पुरुषांच्या कोटाला शिवलेले खिसे सतराव्या शतकापासूनच होते.

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पोषाख पालटला. छातीखालीं आवळलेले, अंगालगत पडणारे तलम मलमलीचे झगे आले. ही मलमल कित्येकदां आपल्या बंगालची असे. अशा वस्त्राखालीं भरलेला खिसा लपणार कोठें? तो बाहेर आला आणि हातांत लोंबूं लागला. या दोरीच्या चिमुकल्या पिशवीला 'रेटिक्यूल', म्हणजे लहानशी जाळी, हें लॅटिनवरून आलेलें नांव मिळालें; थट्टेखोरांनीं त्याचें 'रिडिक्यूल', म्हणजे उपहास, असें करून टाकलें. थट्टेंत तथ्य होतें. रुमाल व अत्तराची कुपी यांखेरीज तींत फारसें कांहीं मावत नसे, आणि एक हात अडकून पडे तो पडेच. तथापि जुना खिसा तेव्हांच नाहींसा झाला असें समजणें चुकीचें होईल. मोलकरणी, दुकानदारणी आणि घरंदाज गृहिणीही तो एकोणिसाव्या शतकांत वापरीतच होत्या. फॅशनचा इतिहास केवळ चित्रांवरून लिहिला कीं अशा चुका होतात. झग्याखालची पिशवी चित्रांत येत नाहीं.

आतां त्या पिशवींतील पैसा कोणाचा? इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें विवाहितेची रोकड व चीजवस्त नवऱ्याच्या मालकीची. खिसा तिचा, शिलाई तिची, आंतलीं नाणीं मात्र त्याचीं! १८७० च्या कायद्यानें तिची स्वतःची कमाई तिला मिळाली आणि १८८२ च्या कायद्यानें इतर मालमत्तेवरही तिचा हक्क मान्य झाला. त्याच सुमारास, प्रवासाचें सामान बनविणाऱ्या कारागिरांच्या हातून, कातड्याची, धातूच्या चौकटीची, खट्‌कन मिटणारी हँडबॅग रुळूं लागली. आरंभीं हा शब्द प्रवासी बॅगेलाच लावीत. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ च्या नाटकांत तान्हें मूल सांपडतें तें अशाच बॅगेंत. कायद्यामुळेंच ही बॅग आली असें नव्हे. परंतु आपला म्हणण्याजोगा पैसा आंत असल्यावर त्या कडीला अर्थ आला.

नऊवारीच्या कनवटीला खोंचलेला बटवा हा त्या झग्याखालच्या खिशाचाच भाऊबंद. त्यालाही दोरी, त्यालाही दडण्याची संवय. मात्र तो पुरुषांच्याही कमरेला असे, म्हणून त्याची कोणी थट्टा केली नसावी! पुढें शिक्षिका, परिचारिका, कचेरींतल्या कारकून स्त्रिया घराबाहेर पगार मिळवूं लागल्या, तेव्हां खांद्याला पर्स आली. बटवा घरींच राहिला आणि आजीबाईच्या औषधांपुरतें त्याचें नांव उरलें.