बॉम्बफेकी विमानांपासून झालेली प्रवासी विमाने : नोंदींची अचूकता

दुसरे महायुद्ध संपल्यावर नवी प्रवासी विमाने हाती येईपर्यंत ब्रिटिश कारखान्यांनी जड बॉम्बफेकी विमानांत फेरफार करून वेळ भागवली. लँकॅस्टरची लँकॅस्ट्रियन झाली, हॅलिफॅक्सची हॅल्टन. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण बडोद्याचे. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्यासाठी ‘हॅल्टन २’ हे खास सजवलेले विमान तयार झाले. त्याची नोंदणी ब्रिटनमध्ये ‘जी-एजीझेडपी’ या अक्षरांनी झाली होती. ‘व्हीटी’ने सुरू होणारी भारतीय नोंदवही चाळून त्याचे मूळ सापडत नाही.

हॅल्टनला ‘बॉम्ब टाकून आलेले विमान’ म्हणणे चूक आहे. १९४६ मध्ये बीओएसी कंपनीने घेतलेली १२ हॅल्टन विमाने ‘हॅलिफॅक्स सी ८’ या मालवाहू प्रकारातून बेलफास्टला घडवली गेली. या प्रकाराला तोफांचे मनोरे नव्हतेच. पोटाखाली सुमारे ३,६०० किलो माल मावेल अशी पेटी असे आणि वरच्या अरुंद धडात जेमतेम १० प्रवासी बसत. म्हणजे वंश बॉम्बफेक्याचा, पण त्या विशिष्ट सांगाड्याने बॉम्बफेक केलेली नाही. हा फरक नोंदीत आलाच पाहिजे.

बडोद्याच्या बाबतीत आणखी एक गल्लत संभवते. युद्धकाळात गायकवाडांच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या तुकडीला ‘बडोदा’ हे नाव मिळाले. ती तुकडी स्पिटफायर या लढाऊ विमानांची. हॅल्टनशी तिचा संबंध नाही.

माउंटबॅटन यांचे ‘एमडब्ल्यू १०२’ हे यॉर्क विमानही बदललेले लँकॅस्टर नव्हे. यॉर्कचे पंख व इंजिने लँकॅस्टरची, धड मात्र नवे. ३० जानेवारी १९४९ पासून नागपूरला रात्रीची टपाल विमाने एकत्र येऊ लागली. त्या सेवेतले डाकोटा तर मुळात १९३५ च्या डीसी-३ या प्रवासी विमानाचे लष्करी रूप. उलट पुण्याला असलेली भारतीय हवाई दलाची लिबरेटर विमाने खरी बॉम्बफेकी. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने ती कानपूरच्या भंगारातून उभी केली आणि १९६८ पर्यंत ती लष्करी सेवेतच राहिली.

लढाईतले विमान एवढ्या शेऱ्यावर कोणत्याही विमानाचा इतिहास लिहू नये. कारखान्याचा क्रमांक, लष्करी क्रमांक आणि नागरी नोंदणीची अक्षरे ही तिन्ही जुळल्याशिवाय छायाचित्राखाली नाव घालू नये.