मद्रासचा क्षयप्रयोग

क्षय झाला की हवापालट, दूध-अंडी आणि पूर्ण विश्रांती, हा उपचार एके काळी सर्वमान्य होता. त्यासाठी आरोग्यधामे निघाली. मिरजेजवळची वानलेसवाडी आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु खाटा मोजक्या आणि रोगी लाखांनी! दाटीवाटीच्या शहरातील गरिबाने करावे काय?

हा प्रश्न 1956 साली मद्रासमध्ये कसाला लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद या चौघांनी मिळून तेथे केंद्र काढले. 193 रोगी घेतले. कोणी घरी राहावे नि कोणी आरोग्यधामात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. औषधे दोन्हीकडे तीच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. घरी राहिलेल्यांना ना सकस आहार, ना पुरती विश्रांती. परिचारिका मात्र अवचित दारात उभी राही, गोळ्या मोजी, लघवी तपासायला नेई. या भागीदारीतला पाचवा भागीदार तीच, असे मी म्हणेन.

1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर आरोग्यधामात शेकडा 92, तर घरी शेकडा 86 जणांचा रोग शमला होता. घरातल्या माणसांनाही त्यामुळे अधिक लागण झाली नाही. व्हायची ती बहुधा निदानाआधीच होऊन गेलेली असे. पुढे देशोदेशीची आरोग्यधामे ओस पडत गेली. उरला तो रोज न चुकता गोळी गिळण्याचा प्रश्न. त्यासाठी याच केंद्राने पुढे आठवड्यातून दोनदा, डोळ्यांदेखत औषध देऊन पाहिले.