वाईटातली गोडी : फसलेल्या चित्रपटांच्या आस्वादाविषयी

चित्रपट चांगला असेल तर प्रेक्षक डोक्यावर घेतो आणि वाईट असेल तर पाठ फिरवतो, असा आपला साधा हिशेब असतो. या हिशेबात न बसणारा एक तिसरा प्रकारही आहे. कथा विस्कळीत, अभिनय ओढूनताणून आणलेला, नेपथ्य तकलादू आणि संवाद ऐकवणार नाहीत असे. तरीही लोक तो चित्रपट पुन:पुन्हा पाहतात, मित्रांना बोलावून दाखवतात, त्यातले संवाद पाठ करतात. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर इथे हुर्यो आणि दाद यांतली सीमारेषाच पुसली जाते. या विचित्र आवडीला आता सत्तरएक वर्षांचा इतिहास आहे आणि तिची स्वत:ची अशी तत्त्वेही आहेत.

प्रत्येक वाईट चित्रपट गमतीचा नसतो

पहिली गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बहुतेक वाईट चित्रपट नुसतेच कंटाळवाणे असतात. त्यांत काही भयंकर चुकलेले नसते आणि काही साधलेलेही नसते. ते पाहून हसू येत नाही, घड्याळाकडे लक्ष जाते. करमणूक होते ती वेगळ्याच चित्रपटांनी. त्यांच्या दिग्दर्शकाला फार मोठे काहीतरी सांगायचे असते, त्याचा स्वत:वर अढळ विश्वास असतो आणि पदरी पैसा, वेळ किंवा कौशल्य मात्र तुटपुंजे असते. आकांक्षा आणि कुवत यांतल्या या अंतरात सारी गंमत दडलेली असते.

अमेरिकन लेखिका सुसान सोन्टॅग यांनी १९६४ मध्ये 'कॅम्प' या अभिरुचीवर लिहिलेला निबंध या विषयातला पायाभूत मानला जातो. अस्सल कॅम्प हा भाबडा असतो, तो गांभीर्याने केलेला आणि फसलेला प्रयत्न असतो, असे त्यांनी मांडले. जाणूनबुजून केलेल्या आचरटपणाला त्यांनी दुय्यम स्थान दिले. 'शार्कनेडो' (२०१३) हा वावटळीतून शार्क मासे शहरावर कोसळत असल्याचे दाखवणारा दूरचित्रवाणीपट गाजला, त्याचे पुढचे भागही निघाले. परंतु तो मुद्दाम वाईट केलेला असल्याने या पंथातले जुने रसिक त्याला अस्सल मानायला कचरतात. विदूषकाचे पडणे आणि राजाचे पडणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

एड वूड आणि 'प्लॅन ९'

या पंथाचा आद्यपुरुष म्हणजे एडवर्ड वूड (१९२४-१९७८). दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन दलात लढून आल्यावर त्याने हॉलिवूड गाठले. १९५३ मध्ये त्याने 'ग्लेन ऑर ग्लेंडा' काढला. स्त्रीवेष आवडणाऱ्या पुरुषाची ही कथा होती. ती आवड वूडला स्वत:लाच होती. अशा माणसांना समाजाने समजून घ्यावे, ही त्या काळात धाडसी म्हणावी अशी विनवणी त्याने केली आणि ती विलक्षण अडखळत केली.

त्याचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' १९५७ मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला आणि १९५९ मध्ये प्रदर्शित झाला. मानवाने सूर्यप्रकाशाचाच स्फोट घडवणारा बॉम्ब बनवू नये, म्हणून परग्रहवासी पृथ्वीवरचे मृतदेह जिवंत करतात, अशी त्याची कथा. पैसा एका बाप्टिस्ट चर्चशी संबंधित मंडळींनी दिला होता. मूळ शीर्षकातला 'थडगी उकरणारे' हा उल्लेख त्यांना खटकला, म्हणून नाव बदलले गेले. एकाच प्रसंगात दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस होतो, थडगी धक्का लागताच हलतात, विमानाच्या कॉकपिटला पडदा लावलेला दिसतो. उडत्या तबकड्या म्हणजे कागदी बशा होत्या, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात ती बाजारात मिळणारी खेळण्यातली प्लास्टिकची मॉडेल्स होती.

सर्वांत प्रसिद्ध कथा बेला लुगोसीची. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'ने जगप्रसिद्ध झालेला हा नट उतारवयात मॉर्फिनच्या व्यसनाने आणि बेकारीने खचला होता. वूडने त्याला आपल्या चित्रपटांतून कामे दिली. ऑगस्ट १९५६ मध्ये लुगोसी वारला. त्याची काही मिनिटांची चित्रफीत वूडपाशी होती. तेवढ्यावर त्याने त्याला 'प्लॅन ९'मध्ये घेतले आणि उरलेल्या प्रसंगांसाठी आपल्या पत्नीच्या कायरोप्रॅक्टरला उभे केले. तो लुगोसीपेक्षा उंच होता आणि त्याच्यासारखा दिसतही नव्हता, म्हणून त्याने प्रत्येक वेळी झगा तोंडावर ओढून घेतलेला आहे.

चित्रपट विस्मरणात गेला. वूड दारूच्या आहारी गेला, सवंग कादंबऱ्या लिहून गुजराण करू लागला. डिसेंबर १९७८ मध्ये त्याला राहत्या घरातून बाहेर काढण्यात आले आणि काही दिवसांतच, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो वारला. १९८० मध्ये मायकेल आणि हॅरी मेडवेड या बंधूंच्या 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' या पुस्तकाने वाचकांच्या कौलावरून 'प्लॅन ९'ला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट आणि वूडला सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवले. ज्या कीर्तीसाठी तो आयुष्यभर धडपडला, ती त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आली आणि अशा रूपात आली.

टिम बर्टनने १९९४ मध्ये 'एड वूड' हा चित्रपट काढला. जॉनी डेप त्यात वूड झाला आणि लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लँडॉला ऑस्कर मिळाले. वाईट चित्रपटांच्या दिग्दर्शकावरचा हा उत्तम चित्रपट तिकीटबारीवर मात्र आपटला.

'द रूम' आणि चमच्यांचा पाऊस

एकविसाव्या शतकात हा मान टॉमी वाइझोच्या 'द रूम'कडे (२००३) गेला. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक सारे तोच. सुमारे साठ लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते. कॅमेरे भाड्याने घेण्याऐवजी विकत घेतले गेले आणि फिल्म व डिजिटल असे दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून चित्रण झाले. नायिकेची आई आपल्याला कर्करोग झाल्याचे एका वाक्यात सांगते आणि त्यानंतर त्या विषयाचा उल्लेखही होत नाही. लॉस एंजेलिसमध्ये दोन आठवड्यांत या चित्रपटाने जेमतेम १,८०० डॉलर कमावले.

पुढे मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी होऊ लागली. नायकाच्या घरातल्या तसबिरीत चमच्याचे चित्र आहे; ते दिसताच प्रेक्षक पडद्यावर प्लास्टिकचे चमचे फेकतात. गंभीर नाट्य म्हणून विकलेला चित्रपट वाइझोने नंतर विनोदी म्हणून विकायला सुरुवात केली. सहकलाकार ग्रेग सेस्टेरो याने टॉम बिसेल या लेखकाबरोबर लिहिलेल्या पुस्तकावरून (२०१३) जेम्स फ्रँकोने २०१७ मध्ये 'द डिझास्टर आर्टिस्ट' काढला.

अशा सामूहिक थट्टेला वळण लावण्यात दूरचित्रवाणीचाही वाटा आहे. १९८८ मध्ये मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू झालेल्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या कार्यक्रमात एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्याच्या तळाशी बसून रद्दी चित्रपटांवर शेरेबाजी करीत. पिटातल्या प्रेक्षकाची मल्लिनाथी अशा रीतीने घराघरांत पोहोचली.

मुंबईचा वाटा

हा केवळ परदेशी छंद नाही. मुंबईत या पंथाचे मानाचे पान 'गुंडा'कडे (१९९८) जाते. दिग्दर्शक कांती शहा, नायक मिथुन चक्रवर्ती. खलनायकांची रांगच्या रांग आहे आणि त्यातला प्रत्येक जण स्वत:ची ओळख यमक जुळवून करून देतो. मुकेश ऋषी, शक्ती कपूर यांच्या जोडीला मराठी रंगभूमीवरून आलेले मोहन जोशीही त्यात आहेत. पुढे महाविद्यालयांच्या वसतिगृहांत, संगणकावरून संगणकावर हा चित्रपट फिरला आणि त्याची पारायणे झाली.

या चित्रपटांमागे एक अर्थकारण होते. नव्वदच्या दशकात मिथुन चक्रवर्ती यांनी उटीत आपल्या हॉटेलच्या आधाराने अल्पखर्ची चित्रपटांची एक व्यवस्थाच उभी केली होती. ठरावीक पैशांत, ठरावीक दिवसांत चित्रपट पुरा होई आणि छोट्या गावांतल्या एकपडदा चित्रपटगृहांत तो आपला खर्च वसूल करी. ज्यांच्या नावावर तीन राष्ट्रीय पुरस्कार आहेत आणि ज्यांना २०२२ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेच मिथुन या चित्रपटांचेही नायक होते.

रामसे बंधूंची गोष्ट थोडी निराळी. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) पर्यंत या कुटुंबाने कमी पैशांत भयपट काढले आणि ते चालवूनही दाखवले. त्यांना सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. आज आपल्याला त्यांच्या भुताचे हसू येते, पण तेव्हाचा प्रेक्षक खरोखर घाबरत असे. याउलट कमाल आर. खान यांच्या 'देशद्रोही'वर (२००८) कायदा व सुव्यवस्थेच्या कारणावरून महाराष्ट्र सरकारने बंदी घातली होती. ज्यापासून शांतता धोक्यात येईल असे शासनाला वाटले, तोच चित्रपट पुढे निव्वळ विनोदाचा विषय झाला.

या पडद्यामागच्या जगाकडे अलीकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले आहे. अशिम अहलुवालिया यांचा 'मिस लव्हली' (२०१२) कान महोत्सवात दाखवला गेला. 'सिनेमा मरते दम तक' (२०२३) या माहितीपट मालिकेने त्या काळच्या दिग्दर्शकांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणले.

हसायचे कोणाला?

असे चित्रपट पाहणारे लोक अडाणी असतात, हा समज चुकीचा आहे. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या चित्रपटांचा रसिकवर्ग सरासरीपेक्षा अधिक शिकलेला आणि उच्च कलेतही रस घेणारा असल्याचे दिसले. नेमका इथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. शिकलेल्या, सुस्थितीतल्या माणसाने कुवत नसलेल्या माणसाच्या धडपडीला हसावे का?

१९८१ पासून दिल्या जाणाऱ्या 'गोल्डन रॅस्पबेरी' पुरस्कारांना हा प्रश्न थेट सामोरा आला. २०२२ मध्ये त्यांनी ब्रूस विलिस याच्या आदल्या वर्षीच्या वाईट कामांसाठी खास विभाग काढला. त्याला वाचाघात झाल्याचे कुटुंबीयांनी जाहीर केल्यावर तो मागे घ्यावा लागला. ज्याची आपण थट्टा केली तो नट आजाराशी झगडत होता, हे तेव्हा उमगले. पुढच्याच वर्षी बारा वर्षांच्या एका मुलीला नामांकन दिल्यावर टीकेचे मोहोळ उठले. नाव वगळले गेले आणि अठरा वर्षांखालील कलाकारांना नामांकन द्यायचे नाही, असा नियम झाला.

दुसरा प्रश्न आपल्या घरचा आहे. 'गुंडा'च्या यमकांना हसताना त्यातल्या बलात्काराच्या प्रसंगांवरून आणि बाईविषयीच्या भाषेवरूनही आपण हसत हसत पुढे जातो. चित्रपट आचरट आहे म्हणून त्यातले सारेच निरुपद्रवी ठरत नाही. हलणाऱ्या थडग्याला हसावे. स्त्रीच्या विटंबनेला हसू आले तर क्षणभर थांबावे.

पाहायचे कसे?

* एकट्याने पाहू नये. हा समूहाचा आनंद आहे. चार मित्र आणि मोकळी संध्याकाळ असावी.
* सुरुवात 'प्लॅन ९'ने करावी. लांबी जेमतेम ८० मिनिटे आहे आणि त्यात कोणाला दुखावणारे फारसे काही नाही.
* आधी चित्रपटामागची हकीकत वाचावी. झगा तोंडावर का ओढला आहे हे ठाऊक असले की तोच प्रसंग दुप्पट गमतीचा होतो आणि थोडा करुणही.
* लहान मुलांसमोर 'गुंडा'सारखे चित्रपट लावू नयेत.
* कंटाळा आला तर खुशाल बंद करावा. तो नुसताच वाईट चित्रपट आहे, असे समजावे.

निर्दोष चित्रपट पाहताना तो कसा बनला हे आपल्या ध्यानातही येत नाही. फसलेल्या चित्रपटात मात्र शिवण उसवलेली असते आणि आतले अस्तर दिसते. प्रकाशयोजना, संकलन, सलगता या गोष्टी किती कष्टाने साधतात, हे त्या उसवलेल्या शिवणीतून कळते. एड वूडच्या चित्रपटात दिवसाची रात्र होताना पाहिलेला प्रेक्षक पुढच्या वेळी एखाद्या चांगल्या चित्रपटातला नीट जुळलेला साधा प्रसंगही अधिक जाणतेपणाने पाहतो.