दलदलींतील झुडूप आणि राजाचा कर

मिरें व लवंग यांच्यासाठीं झालेल्या लढायांची हकीकत वाचकांस परिचित आहे. परंतु कोणींहि न लावतां दलदलींत उगवणाऱ्या एका झुडपानें राजे व धर्माधिकारी यांचे खजिने भरले, ही कथा आपल्याकडे सहसा ऐकूं येत नाहीं.

उत्तर युरोपांतील पाणथळ, आम्ल भूमींत वाढणाऱ्या या झुडपास इंग्रज लोक 'बॉग मर्टल' म्हणतात. त्याच्या पानांवर राळेचे सूक्ष्म पिवळे बिंदु असतात. पान चुरगळतांच गोड, उग्र सुवास दरवळतो. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारें कायफळ हें त्याचेंच हिमालयांतील भाऊबंद होय.

मध्ययुगांत नेदरलंड्स व ऱ्हाईनकांठचे लोक जवाच्या बीअरमध्यें 'ग्रूट' नांवाचा मसाला घालीत. त्याचें मुख्य द्रव्य हें झुडूप. मसाला विकण्याचा हक्क मात्र राजसत्तेचा! बीअर करणाऱ्यानें तो हक्कदाराकडूनच विकत घ्यावयाचा. म्हणजे किंमतींतच कर वसूल होई. इ. स. ९७४ मध्यें सम्राट दुसरा ऑटो यानें आजच्या बेल्जियममधील फोस येथील हा हक्क लिएजच्या धर्मपीठास दिला. ब्रूज येथील ग्रूटहूजे घराण्याचें तर नांव व वैभव दोन्हीं या मसाल्यावर उभीं होतीं. इंग्लंडचा पदच्युत राजा चौथा एडवर्ड यास १४७०-७१ मध्यें याच घराण्यानें आश्रय दिला.

पुढें हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें प्रचारांत आलीं. त्यांतील कडू द्रव्यांमुळें बीअर लवकर नासत नाहीं. साहजिकच हँबुर्ग, ब्रेमेन येथील व्यापारी ती जहाजांतून दूरदूर पाठवूं लागले व ग्रूटचें उत्पन्न घटलें. मग करहि संपला काय? छे! उट्रेख्टच्या बिशपानें नुकसानीचें गाऱ्हाणें मांडलें, आणि १३६४ सालीं सम्राट चौथा कार्ल यानें हॉपच्या बीअरवरच कर घेण्याची त्यास मुभा दिली. वनस्पति बदलली, परंतु देणाऱ्याची सुटका झाली नाहीं.

वस्तूंचा इतिहास लिहितांना आपण बहुधा रुचीचा विचार करतों. त्या रुचीवर हक्क कोणाचा होता, हें पाहावयाचें राहून जातें. ब्रूजचा तो वाडा संग्रहालय होऊन आजहि दिमाखानें उभा आहे. झुडूप मात्र, दलदली कोरड्या होऊन शेतें वाढलीं तसतसें, अनेक ठिकाणांहून मागें हटलें आहे.